पाळकसाहेबांची पॉलिसी

तहसील कार्यालयात मला आता तेवीस वर्षं झाली. कुठल्या रकान्यात काय लिहिलं की अर्ज पुढे सरकतो आणि काय लिहिलं की अडकतो, हे मला कागद नुसता हातात घेतला तरी कळतं. त्यामुळे जळगाव जामोदमधल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीतले लोक काहीही भरायचं असलं की माझ्याकडे येतात. शिष्यवृत्ती, रेशनकार्डात सुनेचं नाव चढवणं, निराधार योजना. रविवारची उपासना संपली की चर्चच्या ओट्यावर चार-पाच जण कागद घेऊन माझ्याभोवती उभे असायचे. मला ते आवडायचं. खोटं कशाला सांगू, त्याचा मला गर्व होता.

आमची मंडळी लहान आहे. कोणी शाळेत शिकवतं, कोणी नर्स आहे, दोघं एसटीत आहेत, बाकीचे मजुरी आणि थोडीफार शेती करणारे. चर्चचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीची मी सचिव. सभेचं इतिवृत्त लिहायचं आणि पत्रव्यवहार बघायचा, हे माझं काम.

पाळकसाहेब, म्हणजे आमच्या चर्चचे धर्मगुरू, आमच्याकडे बदलून आले तेव्हा पन्नाशी ओलांडलेले होते. मूळचे अमडापूरकडचे. उंच, जरा वाकून चालणारे, बोलणं एकदम साधं. त्यांची एक गोष्ट सांगितली की माणूस कळेल. एका रविवारी त्यांनी उपदेशात डोंगराकडच्या एका म्हातारीचं आजारपण प्रार्थनेनं कसं बरं झालं ते सांगितलं. लोकांचे डोळे भरून आले होते. पुढच्या रविवारी उपासना सुरू व्हायच्या आधी ते उभे राहिले आणि म्हणाले, मागच्या वेळी एक गोष्ट सांगायची राहिली. त्या आजीनं आठ दिवस सरकारी दवाखान्याच्या गोळ्याही घेतल्या होत्या. ते मी सोडून दिलं, ते बरोबर झालं नाही. एवढं बोलून त्यांनी गीताचा नंबर सांगितला.

अशा माणसाच्या नावानं मी खोटं लिहिलं.

पॉलिसीची कल्पना माझीच होती, आणि ती मुळात चांगली होती. आमच्याकडे एक बायबल बाई होत्या. लग्न केलं नव्हतं. तीस वर्षं त्या घरोघरी जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवायच्या, आजाऱ्याजवळ बसायच्या, बाळंतिणीला न्हाऊ घालायच्या. त्यांच्या छातीत गाठ आली ती त्यांनी कोणाला सांगितलीच नाही. सांगितली असती तर मंडळीला खर्चात पडावं लागेल, असं त्यांनी स्वतःशीच ठरवून टाकलं. आम्हाला कळलं तेव्हा डॉक्टरांकडे करण्यासारखं काही राहिलं नव्हतं. त्याच वर्षी माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं. मी बिलं ऑफिसात लावली आणि ती मंजूर होऊन आली. बाईंच्या दफनविधीला उभी असताना माझ्या मनात तेच येत होतं. दोघी एकाच बाकावर बसायचो. एकीच्या मागे सरकार उभं होतं आणि दुसरीच्या मागे कोणीच नव्हतं.

पुढच्या सभेत मी विषय मांडला. जो माणूस आपल्या प्रत्येक आजारपणात दारात येतो, त्याच्या आजारपणाची सोय आपण करायला नको का, असं विचारलं. कोणी विरोध केला नाही. काम अर्थातच माझ्याकडे आलं.

माझ्या नवऱ्याच्या ओळखीचे एक विमा एजंट होते. ते घरी आले, फॉर्म ठेवला. पाळकसाहेब आणि त्यांची पत्नी, जिला आम्ही सगळे पाळकीणबाई म्हणतो, असे दोघं त्यात बसणार होते. मी फॉर्म भरत गेले आणि आधीच्या आजारांच्या पानावर थांबले. पाळकसाहेबांना सहा वर्षांपासून साखर होती, हे सगळ्या मंडळीला माहीत होतं. चहा ते बिनसाखरेचा घ्यायचे.

एजंट म्हणाले की साखर लिहिली तर कंपनी तपासण्या सांगेल, अकोल्याला जावं लागेल, महिना-दोन महिने फाइल पडून राहील, आणि एवढं करून नाकारलीही जाऊ शकते. मी विचारलं, मग लोक काय करतात? ते म्हणाले, लोक ‘नाही’वर खूण करतात. दोन-चार वर्षं काही झालं नाही की मग कोणी विचारत नाही.

मला वाटतं, मी तेव्हा एक मिनिटही विचार केला नाही. अर्ज अडकू द्यायचा नाही, ही माझ्या हाताला लागलेली सवय. शिवाय सभेत मी शब्द दिला होता की महिनाअखेर पॉलिसी हातात असेल. मी ‘नाही’वर खूण केली. रक्तदाब, नाही. हृदयविकार, नाही. मधुमेह, नाही. तिन्ही खुणा एकसारख्या, नीटनेटक्या.

सहीसाठी मी शनिवारी संध्याकाळी चर्चमध्ये गेले. दुसऱ्या दिवशी प्रभुभोजनाचा विधी होता, म्हणून पाळकसाहेब मागच्या खोलीत भाकरीचे लहान तुकडे करून ताटात लावत होते. मी सहीच्या जागी पेन्सिलनं फुल्या करून ठेवल्या होत्या. त्यांनी हात पुसले, चष्मा शोधला, तो सापडला नाही. मी म्हटलं, चष्म्याची गरज नाही, फुली दिसते तिथे सही करा.

सही करता करता त्यांनी विचारलं, “मह्या साखरेचं लिवलं ना बाई?”

“हो,” मी म्हणाले.

त्यांनी चार सह्या केल्या आणि पेन मला परत दिलं. मला म्हणाले, तुमच्यामुळे हे झालं, नाहीतर आम्हाला यातलं काय समजतं. मी फॉर्म पिशवीत घातला आणि घरी आले. त्या रात्री मला झोप लागली नाही वगैरे काही नाही. मला छान झोप लागली.

पहिलं वर्ष सरलं. दुसऱ्या वर्षी कापसाची वेचणी संपून लोकांनी पऱ्हाट्या कापायला घेतल्या होत्या, तेव्हाची गोष्ट. पाळकसाहेब डोंगराकडच्या एका शेतातल्या घरी प्रार्थनेला गेले होते. मोटारसायकल बांधावर लावून ते रानातून चालत निघाले आणि कापलेल्या पऱ्हाटीचा खुंट चपलेतून आरपार त्यांच्या पायात घुसला. साखरेमुळे पायाला फारसं कळत नव्हतं. त्यांनी घरी येऊन हळद भरली आणि फडकं बांधलं. चार-पाच दिवस तसेच फिरले. रविवारी उपदेश करताना त्यांचा चेहरा लाल दिसत होता. मी पाळकीणबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, अंग तापतं, पण ऐकत नाहीत.

सोमवारी पाय घोट्यापर्यंत सुजला. इथल्या डॉक्टरांनी बघितलं आणि तातडीनं अकोल्याला न्यायला सांगितलं. कुठल्या दवाखान्यात न्यायचं हे त्यांनी आम्हाला विचारलं. मोफत उपचारांच्या सरकारी योजनेचं कार्ड पाळकसाहेबांकडे होतं. ते कार्ड जिथे चालतं तिथे नेता आलं असतं. पण मी म्हणाले, आपली पॉलिसी आहे ना, चांगल्या खाजगी दवाखान्यात नेऊ. सगळ्यांना ते पटलं. मी ऑफिसात रजेचा अर्ज टाकला आणि गाडीत त्यांच्यासोबत बसले. शेगाव आल्यावर पाळकसाहेबांनी डोळे उघडले. मग म्हणाले, तुम्ही नसत्या तर आज आम्ही काय केलं असतं.

दवाखान्यात विम्याच्या खिडकीवर मी पॉलिसीचं कार्ड दिलं, कागद भरले. डॉक्टरांनी पाय उघडून जखम साफ केली, सलाइन लावलं. दोन बोटं वाचणं कठीण आहे, बाकी बघू, असं म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारी कंपनीचा माणूस आला. सभ्य होता, हळू बोलायचा. पाळकीणबाई औषधं आणायला खाली गेल्या होत्या. खोलीत पाळकसाहेब, मी आणि तो, एवढेच.

त्यानं तब्येतीची चौकशी केली. मग विचारलं, साखर कधीपासून आहे?

“साताठ वर्षं झाली असतीन,” पाळकसाहेब म्हणाले. “फॉर्मात लिवलं आहे ते.”

आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सलाइनच्या बाटलीकडे पाहत होते. त्या माणसानं बॅगेतून फॉर्मची प्रत काढली, ते पान उघडलं आणि त्यांच्यासमोर धरलं. आता चष्मा त्यांच्या डोळ्यांवर होता. त्यांनी ते पान बराच वेळ वाचलं. एका पानात इतकं वाचण्यासारखं काहीच नव्हतं.

“खाली सही तुमचीच आहे ना?” त्या माणसानं विचारलं.

“हाव,” ते म्हणाले. “सही माहीच आहे.”

खुणा कोणी केल्या, ते त्यांनी सांगितलं नाही. माझ्याकडे परत पाहिलंही नाही. त्या माणसानं एका कागदावर त्यांचं म्हणणं लिहून घेतलं, त्यावर त्यांची सही घेतली आणि काळजी घ्या म्हणून निघून गेला. मी दोन पावलांवर उभी होते. तोंड उघडायला पाच मिनिटं तरी होती माझ्याजवळ. मी म्हणाले, तुम्ही पडा, मी बाई आल्या का बघते. आणि जिना उतरून खाली गेले.

फॉर्मवर मोबाइल नंबर माझा होता, म्हणून नकाराचा मेसेज माझ्याच फोनवर आला. आधीचा आजार लपवल्यामुळे दावा नामंजूर, पॉलिसी रद्द. मी तो कॅन्टीनमध्ये उभ्यानं वाचला. पाळकीणबाईंना सांगितलं ते असं, की साखरेची नोंद फॉर्ममध्ये नव्हती म्हणून कंपनीनं नाही म्हटलं. नोंद नव्हती. जणू ती आपोआप व्हायची होती आणि झाली नाही.

पाळकीणबाई तिथल्या बाकावर बसल्या. मग त्यांनी मला विचारलं, “यायनं काऊन लपवलं असन बाई? जिंदगीत कधी काई लपवलं नाई त्याइनं.”

“काय माहीत,” मी म्हणाले.

मग धावपळ झाली. त्या दवाखान्यात योजनेचं कार्ड चालत नव्हतं, म्हणून पाळकसाहेबांना सरकारी दवाखान्यात हलवायचं ठरलं. निर्णय घेण्यात, फोनाफोनीत, गाडी मिळवण्यात, इथली सुट्टी आणि तिथली भरती यात दोन दिवस गेले. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी जीव तोडून काम केलं. पण जखम वर सरकली होती. बोटांवर भागलं नाही. घोट्याच्या पुढचा अर्धा पाय काढावा लागला.

ते दोन दिवस आधी आले असते तर पाय वाचला असता का, हे विचारायला मी तीनदा तिथल्या डॉक्टरीणबाईंच्या खोलीपर्यंत गेले आणि परत आले. चौथ्यांदा विचारलं. त्या म्हणाल्या की असं नक्की सांगता येत नाही, आधीचे घरी गेलेले दिवसही धरावे लागतील. मला त्यातला सोयीचा भाग तेवढा ऐकू आला. कित्येक दिवस मी मनात तेच म्हणत राहिले, की आधीचे दिवसही धरावे लागतील.

पाळकसाहेब घरी येण्याआधीच मंडळीत बोलणं सुरू झालं होतं. लोक वाईट नव्हते. दवाखान्यात डबे पाळीपाळीनं गेले, कोणी रात्री सोबतीला राहिलं, ज्यांची स्वतःची ओढाताण त्यांनीही हात आखडला नाही. पण चर्चच्या ओट्यावर माणसं हळू आवाजात म्हणायची, इतकी वर्षं खरं बोला म्हणून सांगणारा माणूस, त्यानं फॉर्मात असं कसं लिहिलं. मी जवळ गेले की विषय बदलायचा, कारण सगळ्यांना वाटायचं की मला फार वाईट वाटतं. एवढी मेहनत घेऊन पॉलिसी काढून दिली आणि त्यांनीच घोळ केला, असं दोघीतिघींनी मला समजावूनही सांगितलं.

कमिटीची सभा झाली. सगळ्यात वडील पंच निवृत्त मुख्याध्यापक आहेत, मी त्यांच्या हाताखाली शिकलेली. त्यांनी सगळा प्रकार ऐकून घेतला. ते म्हणाले की साहेबांच्या आजारपणात बोलायला नको, पण व्यासपीठावरच्या माणसाकडून हे अपेक्षित नव्हतं, आणि पुढे कोणी विचारलं तर आपल्याजवळ नोंद असावी. मग माझ्याकडे वळून म्हणाले, लिहून घे.

मी लिहून घेतलं. ‘माननीय पाळकसाहेबांनी पूर्वीचा आजार अर्जात न कळवल्यामुळे विमा दावा नामंजूर झाला. कमिटीने याची नोंद घेतली.’ माझं अक्षर चांगलं आहे. वहीतलं ते पान आजही कोणी बघितलं तर म्हणेल की लिहिणारीचा हात जराही थरथरला नव्हता.

फॉर्म भरला तेव्हा मी एक चूक केली, असं एखाद्या वेळी म्हणता येईल. घाई होती, एजंटनं सांगितलं, सगळेच करतात. पण त्या दिवशी सभेत मला घाई नव्हती. मला सगळं माहीत होतं. पाळकसाहेबांना माहीत आहे हेही माहीत होतं. ते बोलणार नाहीत याचीही खात्री होती. त्या खात्रीवरच तर मी पेन चालवलं.

त्यानंतर तीन आठवडे मी त्यांच्याकडे गेले नाही. ऑफिसात मार्चचं काम आहे, असं सांगत राहिले. एका शनिवारी शेवटी गेले. पाळकसाहेब पडवीत खाटेवर पाय लांब करून बसले होते. पायाला पट्टी होती. मला बघून त्यांनी खुर्ची दाखवली, ऑफिसचं विचारलं, माझ्या मुलीच्या परीक्षेचं विचारलं. मी एकदम म्हणाले, त्या खुणा मी केल्या होत्या.

“मले मालूम आहे,” ते म्हणाले.

मी विचारलं, मग तुम्ही तिथेच त्या माणसाला का नाही सांगितलं? ते म्हणाले की सांगून काय झालं असतं. सही त्यांची होती. फॉर्म इंग्रजीत होता, पण इंग्रजी त्यांना वाचता येत होतं. पाच मिनिटं चष्मा शोधला असता तर सापडला असता, तो तिथेच बायबलखाली होता. न वाचता सही केली हे त्यांचं चुकलं, आणि त्याचं त्यांना वाईट वाटतं.

मला एकदम हलकं वाटायला लागलं होतं. ते स्वतःवर घेत होते आणि मी घेऊ देत होते. मग ते माझ्याकडे सरळ पाहून म्हणाले, “पण बाई, म्या तुमाले विचारलं होतं.”

 मी रडायला लागले. त्यांनी मला थांबवलं नाही, समजावलंही नाही. माझं रडणं आटोपेपर्यंत ते वाट बघत राहिले. मी माफी मागितली. ते म्हणाले की माफी तर केव्हाच केली आहे, त्याशिवाय उपासनेत उभं कसं राहणार. पण मंडळीला सांगा. आणि मंडळीच्या आधी आत जाऊन हिला सांगा.

पाळकीणबाई स्वयंपाकघरात ज्वारीच्या भाकरी करत होत्या. मी दारात उभी राहून सगळं सांगितलं.  त्यांनी हातातली भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, उलटली, फुगवून काढली, आणि मग बोलल्या.

“मी दोन महिने त्याईले बोलून राह्यली,” त्या म्हणाल्या. “दवाखान्यात बी बोलली. पाय कापाच्या आदल्या दिवशी बी बोलली, की तुमच्या लपवण्यापायी हे झालं. अन् ते आयकून घेत होते.”

मी पुढे झाले. त्यांनी पिठाचा हात वर करून मला तिथेच थांबवलं.

“तुमी जा आता,” त्या म्हणाल्या.

मी गेले. मंडळीला सांगायला मला आणखी तीन रविवार लागले. पहिल्या रविवारी पाहुणे पाळक आले होते, त्यांच्यासमोर नको म्हटलं. दुसऱ्या रविवारी एका घरचं बाळ समर्पणासाठी आणलं होतं, आनंदाच्या दिवशी नको म्हटलं. कारणं शोधायला मला कधीच त्रास पडला नाही. तिसऱ्या रविवारी सूचना वाचून झाल्यावर मी तिथेच उभी राहिले आणि सांगितलं. फॉर्ममध्ये खोट्या खुणा मी केल्या. पाळकसाहेबांनी मला विचारलं होतं आणि मी त्यांना खोटं सांगितलं. वहीत मी जी नोंद लिहिली ती खोटी आहे, हे माहीत असून लिहिली. तीन वाक्यं होती. घरी आरशासमोर म्हणून पाहिली होती. 

 मुख्याध्यापक उठले आणि बाहेर गेले. उपासना संपल्यावर ते माझ्याजवळ आले. मला वाटलं, रागावतील. ते म्हणाले, “पोरी, ती नोंद मी लिहायला लावली. विचारायला पाहिजे होतं मी आधी.” तेही स्वतःवर घ्यायला लागले. पुढच्या सभेत जुन्या नोंदीखाली दुरुस्ती लिहिली गेली, आणि ती त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिली. मी सचिवपद सोडते म्हटलं तर कोणी ऐकेना. लोक म्हणाले, तुमचा हेतू चांगला होता. हे वाक्य मी पुढे इतक्यांदा ऐकलं की त्याची भीती वाटायला लागली. चांगल्या हेतूनं मी एका माणसाला खोटारडा ठरवलं होतं, आणि लोक मला पाणी आणून देत होते. एकट्या पाळकीणबाई बाकावरून उठून, माझ्याकडे न बघता, घरी गेल्या. त्याचं मला बरं वाटलं. कोणीतरी एक जण तरी, जे झालं त्याला चांगला हेतू म्हणत नव्हतं.

नवी पॉलिसी काढायची तर ती मी हातात घेऊ नये, असं मला वाटत होतं. पाळकसाहेब म्हणाले, तुम्हीच घ्या, पण या वेळी हळू. मी चौकशीला लागले तेव्हा कळलं की अनेक जणांची मिळून एकत्र पॉलिसी निघते, आणि तिच्यात जुने आजारही पहिल्या दिवसापासून धरले जातात. ते तेव्हाही होतं. पण त्यासाठी माणसं जमवावी लागतात, आणि आमची एकटी मंडळी त्यात बसली नसती. मी विचारलंच नव्हतं. चिखली, खामगाव, मेहकर, मलकापूर, जिथे जिथे आपल्या ओळखीची मंडळी होती तिथे मी सुट्टीच्या दिवशी गेले. पाळक, गावोगाव येशूची शिकवण सांगणारे सुवार्तिक, चर्चची झाडलोट करणारे, घंटा वाजवणारे, सगळ्यांची नावं घेतली. प्रत्येकाच्या घरी बसून प्रश्न मोठ्यानं मराठीत वाचले आणि ते जे सांगतील ते लिहिलं. किती जणांना काय काय होतं! एका सुवार्तिकांना पाच वर्षांपासून छातीत दुखायचं. ते म्हणाले, मंडळीला कळलं तर वाटेल आमचा विश्वास कमी पडतो. झाडलोट करणाऱ्या एक मावशी रक्तदाबाच्या गोळ्या पदराच्या गाठीत ठेवायच्या, आणि त्यांनी मला सांगितलं, काही नाही, मी ठणठणीत आहे. त्यांना वाटलं, आजारी आहे म्हटलं तर काम जाईल. मी वही मिटली आणि मी काय केलं होतं ते त्यांना सांगितलं. मग त्यांनी गाठ सोडली.

पॉलिसी निघाली. वर्ष पूर्ण व्हायच्या आत छातीत दुखणारे सुवार्तिक दवाखान्यात गेले, वेळेवर गेले, आणि हिंडत-फिरत परत आले. त्यांच्या पत्नीनं मला फोन करून आशीर्वाद दिला. मी तो घेतला, पण कुठे ठेवायचा ते कळलं नाही.

पाळकसाहेब आता काठी घेऊन चालतात. बुटात पुढे स्पंज भरलेला असतो. उभं राहून उपदेश जमत नाही, म्हणून उंच स्टूल केलं आहे. मोटारसायकल चालवता येत नाही, तेव्हा महिन्यातून दोन शनिवार मी त्यांना माझ्या स्कूटीवर डोंगराकडच्या गावांना घेऊन जाते. हे कोणी मला सांगितलेलं नाही. पाळकीणबाई सुरुवातीला मी आले की आत निघून जायच्या. अलीकडे पाण्याची बाटली आणून माझ्या हातात देतात, आणि म्हणतात, सावकाश चालवा. त्यापलीकडे काही नाही. जवळजवळ दोन वर्षांनी एवढं झालं आहे.

मागच्या शनिवारी एका घरी प्रार्थना संपल्यावर त्या घरची नवी सून पाळकसाहेबांच्या बुटाकडे पाहत होती. तिनं भीत भीत विचारलं की पायाला काय झालं. ते म्हणाले, पऱ्हाटीचा खुंट लागला होता, वेळेवर दाखवलं नाही. तिनं च् च् केलं आणि चहा आणायला आत गेली. मी त्यांच्या शेजारी बसले होते. तेवढं सांगून ते थांबले, आणि मला वाटलं, पुढचं सांगायची जागा माझ्यासाठी ठेवली आहे. ती चहा घेऊन आली. बिनसाखरेचा कप त्यांच्यापुढे, दुसरा माझ्यापुढे. मी कप घेतला आणि तिला माहेर कुठलं म्हणून विचारलं.